पेस्ट दाताला, पाणी हाताला

सोलापुरात वर्कशॉपमध्ये शिकाऊ होतो, तेव्हा सुरक्षिततेच्या तासाला एक गृहस्थ एकदाच आले. आवाज इतका मऊ की ते आग विझवायचं सांगत होते आणि भिंतीवरच्या पालीसुद्धा पेंगल्या होत्या. तास संपल्यावर त्याच गुंगीत मी नुकताच वेल्ड केलेला लोखंडी अँगल उचलला. काळा दिसतोय म्हणजे गार असणार, असं वाटलं. माझी बोंब बार्शीपर्यंत गेली असेल.

मित्र टूथपेस्ट घेऊन धावला.

"पेस्ट दाताला. हाताला पानी," म्हणत गृहस्थांनी माझं मनगट धरलं, तळवा नळाखाली नेला आणि डोळे मिटून गुणगुणत उभे राहिले. धार पडत राहिली. आग पाण्याबरोबर मोरीतून निघून हळूहळू गावाबाहेर, पार मैंदर्गीकडं वाहत चाललीय, असं वाटायला लागलं.

"सर, टाकी संपंल की. आता चार दिसांनी पानी," स्टोअरकीपर कळवळला.

"पानी चार दिसांनी तरी येतंय. ह्याचा हात कवा येनार?"

टाकी संपली. तळव्यावर एक फोड तेवढा राहिला. नाव विचारावं, तर ते निघून गेलेले. त्या दिवशी कुणालाच चहा मिळाला नाही, आणि सगळे माझ्याकडं असे बघत होते, जणू सगळ्यांचा चहा मी एकट्यानंच प्यायलोय.