नवऱ्याची खरेदी

नवरा गेल्यावर बँक, पेन्शन, इथली सिटी कौन्सिल, सगळ्यांना मी आठवड्याभरात कळवून टाकलं. राहिलं फक्त कॅनडातलं खातं. आम्ही टोरांटोत असताना त्याने तिथला एक इंडेक्स ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारातला फंड, घेतला होता. दर तिमाहीला डिव्हिडंड येतो आणि त्यातून त्याच्या नावावर आपोआप नवे युनिट घेतले जातात.

काल सकाळी इथे नॉटिंगहॅमला, स्वयंपाकघरात, त्याचा फोन वाजला. मुलीने मेसेज वाचला.

“आई, बाबा अजून शॉपिंग करतायत!”

आम्ही दोघी हसलो. पण तो गेल्याचं तिकडे कळवलं की ही खरेदी थांबणार.

“आज फोन करतेस ना कॅनडाला?” तिने विचारलं.

“तिकडे अजून ऑफिस उघडलं नसेल,” मी म्हणाले आणि त्याचा फोन चार्जिंगला लावला.