तीन सिलिंडरवर चाललेली मोटर

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असेही वाटत नाही. संस्थाने विलीन होत होती, त्या वर्षांतली गोष्ट. मी बुऱ्हाणपूरच्या ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो. शेजारच्या एका लहान संस्थानिकाचे कुटुंब मुलूख सोडून गेले आणि जाताना आपली जुनी मोटर ड्रायव्हरला देऊन गेले. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. वरातींना तो गाडी भाड्याने देई.

एका संध्याकाळी नदीपलीकडच्या जैनाबादचा एक शेतकरी नदीकडच्या रस्त्यावर बेशुद्ध सापडला. डोक्याला खोल जखम होती. त्याला दवाखान्यात हलवले. तासाभरात इतवाऱ्यातला एक दुकानदार ठाण्यात आला. दिवेलागणीला ती जुनी मोटर त्याच रस्त्याने जाताना आपण पाहिली, अशी खबर त्याने दिली. आम्ही गाडी तपासली. पुढचे मडगार्ड चेपलेले होते. ड्रायव्हरला अटक केली. बातमी पसरली आणि जैनाबादची माणसे ठाण्याच्या दारात जमली. जखमीची बायको पायरीवर बसून ड्रायव्हरला शिव्याशाप देत होती. शेतकरी दगावला असता तर प्रकरण फार वाढले असते.

चौकशीत ड्रायव्हरचे म्हणणे एकच होते. मडगार्ड वर्षभरापासून तसेच आहे. सूर्य मावळायच्या वेळी सिंधीपुऱ्यात पंक्चर झाले. चाकाला ठिगळ लावले, पण पंप फुटलेला, म्हणून इंजिनाने हवा भरली. या सगळ्यात देवळातली संध्याकाळची आरती संपून गेली. नदीच्या रस्त्याला तो त्यानंतर लागला.

इंजिनाने हवा भरली, हे ऐकून माझा हवालदार हसला. मलाही तो बनाव वाटला. मी त्याला तीनदा सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. पाठ केलेली गोष्ट माणूस दर वेळी त्याच शब्दांत सांगतो. याचे तसे नव्हते. एकदा बोट भाजल्याचे आधी आठवले, एकदा प्लगचे आटे झिजल्याची तक्रार. तिसऱ्या वेळी तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, माझा पाना द्या. करून दाखवतो."

सकाळी पंचांसमोर ठाण्याच्या आवारात मी स्वतः एका चाकाची हवा सोडली. त्याने हत्यारांच्या पेटीतून एक पितळी नळकांडे काढले. आमच्या पंचनाम्यात त्याची नोंद ‘पितळी वस्तू, उपयोग माहीत नाही’ अशी होती. चारपैकी एक प्लग काढून त्याने ते तिथे बसवले, त्याची रबरी नळी चाकाला जोडली आणि हँडल मारले. तीन सिलिंडरवर इंजिन चालू लागले, आणि चौथ्याच्या दाबाने ते नळकांडे हवा भरू लागले. इंजिन दर चौथ्या ठोक्याला अडखळत होते. बसलेले चाक हळूहळू उभे राहिले. हवालदार आता हसत नव्हता.

पण एवढ्याने वेळ सिद्ध होत नव्हती. पंक्चर झाले तिथे दारात एक बाई विणकामासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती, असे तो सांगत होता. आम्ही तिला शोधले. म्हातारी दोन्ही डोळ्यांनी आंधळी होती. त्या संध्याकाळी आरतीच्या वेळी दारात एक मोटर बराच वेळ वाजत होती, एवढे तिला आठवत होते.

ओळखपरेड मी बरीच घेतली होती, आवाजाची कधी नाही. तिला आतल्या खोलीत बसवले. बाहेर आधी आमचा ट्रक चालू केला, मग ती मोटर चारही सिलिंडरवर, मग एका प्लगच्या जागी ते नळकांडे बसवून. पहिल्या दोन वेळा ती गप्प राहिली. तिसऱ्यांदा तिने हात वर केला.

"हीच व्हती. लंगडत चालनारी. आरती संपली तरी दारातच व्हती."

शेतकरी लोकांना सापडला तो आरती चालू असताना. माझ्या छातीवरचे ओझे तिथेच निम्मे उतरले. उरलेले तिसऱ्या दिवशी, शेतकरी शुद्धीवर आला तेव्हा. पडला त्या दिवशी त्याचा कडक उपास होता, असे त्याने सांगितले. चालता चालता चक्कर आली आणि डोके मैलाच्या दगडावर आपटले. मोटर त्याने पाहिलीच नव्हती. दुकानदारही लबाड नव्हता. त्याने मोटर पाहिली होती, फक्त वेळ अंदाजाने सांगितली होती.

ड्रायव्हरला सोडले. दवाखान्यातून शेतकऱ्याला नदीपर्यंत न्यायला वाहन मिळेना, तेव्हा ड्रायव्हर कोणी न सांगता गाडी घेऊन आला. बायको नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन मागे बसली. तिने माफी मागितली नाही, त्यानेही वाट पाहिली नाही. गाडी सुरू झाली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "भाऊ, हळू घ्या."

संशयित खोटे बोलतो आहे, की मला त्याचे काम कळत नाही, हा प्रश्न मी त्यानंतर प्रत्येक चौकशीत स्वतःला विचारत आलो. केस डायरीत पहिल्या दिवशी मी लिहिले होते, ‘आरोपी बनाव करीत आहे.’ डायरीचे पान फाडता येत नाही. गाडी वळणाआड गेल्यावर मी ठाण्यात आलो आणि नव्या पानावर त्या दिवशीची तारीख घालून लिहिले, ‘इसम खरे बोलत होता. मला माहिती नव्हती.’ आणि खाली सही केली.