काहूनराव

रुपराव गजभिये आमच्या वाचनालयाच्या सायंव्याख्यानांना थेट गिरणीतून यायचा, केसांत कापसाचे तंतू तसेच असायचे. सीताबर्डीच्या त्या सभागृहात प्रवेश मोफत होता. इतिहास असो की तत्त्वज्ञान, रुपरावची जागा दुसऱ्या रांगेत ठरलेली. मी सहचिटणीस होतो; सतरंज्या, ध्वनिक्षेपक आणि वेळ सांभाळणे माझ्याकडे होते.

व्याख्यान संपले की तो उभा राही. "ते बरोबर हाय जी, पण काहून?" पानिपतात हरलो, काहून? जग माया आहे, काहून? बाहेरगावचे वक्ते 'का' या अर्थाच्या या शब्दाने गडबडत आणि श्रोते हसत. चिटणीस मधुसूदन पांढरीपांडे यांनी त्याचे नावच काहूनराव पाडले. तोही हसे. मला एकदा म्हणाला, "साहेब, घरी गेलं का प्रेमिला समदं आयकते अन् पुसते, काहून? उत्तर नाही नेलं तं भाकर थंडी भेटते."

१९७४ च्या हिवाळ्यात त्याची बायको प्रेमिला धंतोलीच्या एका दवाखान्यात होती. गळ्यातली गाठ पसरली होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्याच आठवड्यात मृत्यूविषयीच्या भारतीय विचारावर व्याख्यान होते. रुपराव येणार नाही असे मी धरून चाललो होतो, पण तो आला.

"तिनंच धाडलं," तो दारात म्हणाला. "म्हने, अजी, आज माह्यासाठी पुसून या. मी कोनाचं वाईट नाही केलं, मंग मलेच काहून?"

व्याख्यान संपले. रुपराव उभा राहिला. "मरन येते, ते ठीक हाय जी. पण काहून..."

पुढचे कोणाला ऐकू आले नाही. सभागृह हसत होते. वक्ते विनोदी होते. "मरणालाच कारणे दाखवा नोटीस देऊ या!" ते म्हणाले, आणि हशा दुप्पट झाला. त्याला बोलू द्यावे म्हणून मी हात वर केला, पण मधुसूदनरावांनी आभार सुरू केले होते. आभार संपेपर्यंत रुपराव उभाच होता.

मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. प्रेमिलाचा आवाज जेमतेम फुटत होता.

"काय म्हनले?"

"हासले."

"म्हंजे त्यायलेबी माहीत नाही," ती म्हणाली. मग, "तुमी जेवले का?"

त्या आठवड्यातच ती गेली.

पुढल्या वर्षीच्या व्याख्यानमालेला रुपराव आला आणि दुसऱ्या रांगेतच बसला. व्याख्यान संपल्यावर माना त्याच्याकडे वळल्या. तो उठला नाही. मधुसूदनराव व्यासपीठावरूनच म्हणाले, "काय गा रुपराव, आज काहून नाही?"

लोक हसायच्या तयारीत होते. रुपराव सावकाश उभा राहिला.

"उत्तर नेऊन सांगाचं कोनाले जी?"

मधुसूदनरावांच्या हातात आभाराचा कागद होता. तो त्यांना वाचता येईना.