हिरालालची गाडी आणि चिंधूची बाटली

पवनारला हिरालालच्या किराणा दुकानासमोर एक जुनी काळी मोटारसायकल उभी असते. ती कोणाची, असं विचारलं तर कोणीही सांगेल, हिरालालची. ती चालवतो कोण, असं विचारलं तर मात्र खाली बसून ऐकावं लागेल. कोणाला वर्ध्याला कचेरीत जायचं असतं, कोणाला जावई आणायचा असतो, कोणाला गिरडच्या दर्ग्याला नवस फेडायचा असतो. माणसाने दुकानाच्या पायरीवर येऊन नुसती मान खाजवावी, हिरालाल खिळ्यावरची किल्ली काढून पुढे सरकवत असे. पंधरा वर्षांत गाडीच्या बाबतीत त्याच्या तोंडून 'नाई' निघालं नव्हतं. तसं त्याच्याकडे मिरवण्यासारखं दुसरं होतंच काय? उंची बेताची, केस त्याहून बेताचे आणि दुकान चारचौघांसारखं. पण हिरालाल कोणाला नाही म्हणत नाही, ही एक कीर्ती त्याने जिवापाड जपली होती.

"सारं गाव गाडीवर फिरते आन मी पायी," असं त्याची बायको यशोदाबाई म्हणायची. हिरालाल ती तक्रार कौतुक म्हणूनच ऐकायचा.

आता शेजारून वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही, हा आपल्याकडचा रिवाज. भाजी आली तर वाटीत दोन लाडू जातात. लाडू नसले तर निदान मूठभर साखर. मग आख्खी गाडी नेलेल्या माणसाने ती कोरडी कशी परत करावी? पेट्रोल जो तो टाकायचाच, पण ते आपण जाळलेल्याचं झालं. वरचं काय? हा पेच खुद्द हिरालालनेच सोडवला होता. एकदा रूपराव नावाचे निवृत्त मास्तर गाडी परत द्यायला आले आणि "शेट, काई तरी घ्या," म्हणून अडून बसले. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. अशा वेळी हिरालालला तत्त्वज्ञान सुचत असे.

"रूपरावजी, मले काई नोको, गाडीले द्या," तो म्हणाला. "पेट्रोल म्हंजे गाडीचं पानी. जेवन म्हंजे ऑइल. पोटात ऑइल असलं की इंजिन म्हातारं होत नाई."

मास्तरांनी त्याच्याच दुकानातून ऑइलची एक लहान बाटली घेतली, आणि मास्तरच ते, गावभर हा धडा शिकवून आले.

तेव्हापासून हिरालालच्या दुकानात इंजिन ऑइल खपायला लागलं. शोभाबाईच्या घरी साधी सायकल नव्हती, तिनेही दोन बाटल्या नेल्या. हिरालालला नवल वाटलं, पण त्याने विचारलं नाही. गिऱ्हाइकाने काय घेतलं ते बघावं, काऊन घेतलं ते इचारू नये, अशी त्याच्या बापाची शिकवण होती. आणि दान गुप्त असावं अशी गावाची शिकवण होती. त्यामुळे गाडी नेणारा आपल्या अंगणात ती साइड स्टँडवर लावायचा, ऑइल मोजायची काडी काढून बघायचा, काडीचं टोक जेमतेम ओलं दिसलं की चुकचुकायचा आणि बाटली रिकामी करायचा. स्वतः हिरालाल दर रविवारी हेच करायचा.

या दानशूर गावात एकच माणूस कोरडा होता, तो म्हणजे चिंधू. चिंधूची स्वतःची बंडी, म्हणजे बैलगाडी होती, बैलजोडी होती, दोन एकर वावर होतं. नव्हती ती फक्त खिशात हात घालायची सवय. विडी त्याची असली तर काडी दुसऱ्याची असायची, आणि बहुतेक वेळा विडीही दुसऱ्याचीच. म्हाताऱ्या मायच्या डोळ्यांत वर्ध्याला औषध टाकून आणायला तो दर मंगळवारी गाडी न्यायचा. परत आणायचा तेव्हा टाकी बरोबर रिझर्ववर असायची. ऑइलची काडी कुठे असते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर गाडी बिघडायला लागली. सकाळी किक मारून पाय दुखायचा. धाम नदीच्या पुलावर ती दम टाकायची आणि मागून निळा धूर सोडायची. गंमत अशी की, बुधवारी, गुरुवारी ती बरी चालायची आणि शनिवारपासून पुन्हा खोकायची. गाडीलाही वार लागतो की काय, असं हिरालालला वाटलं. वर्ध्याच्या एका मेकॅनिकने धूर लांबूनच बघितला आणि "बोअर करावं लागंल, इंजिन गेलं," असं सांगून टाकलं. हिरालालने त्या दिवशी दोन वेळा ऑइल टाकलं.

मग एका मंगळवारी तो उधारीची आठवण करून द्यायला चिंधूच्या घराकडे गेला, आणि बघतो तर काय! गाडी बाभळीखाली उभी, चिंधू तिच्या पोटाशी उकिडवा बसलेला. सीटखालच्या डब्यातून एक रबरी नळी खाली लोंबत होती, तिचं बूच चिंधूच्या दातात होतं, आणि नळीतून काळं तेल त्याच्या बाटलीत पडत होतं.

"काऊन बे चिंधू, काय करून राह्यला?"

चिंधू दचकला. बूच तोंडातून पडलं, पण बाटली त्याने सोडली नाही. "काई नाई शेट. गाडी तेल ओकते. वाया काऊन जाऊ द्यावं? मी बंडीच्या चाकाले लावतो."

"ओकते? तू पिळून राह्यला तिले! मी म्हनो, इंजिन काऊन मेलं! चोट्ट्या!"

"मी पिळत नाई शेट, आपोआप येते. पाहा नं, अजून लय हाय."

पण हिरालालच्या कानात राग भरला होता. त्याने किल्ली काढून घेतली आणि गाडी ढकलत घरी आणली. त्या नळीला बूच ठोकून वर लोखंडी तारेचे तीन वेढे दिले, पकडीने पिळले. एवढं तेल चोरीला गेलं, गाडी उपाशी असेल, म्हणून एक अख्खी बाटली तिला पाजली.

पुढच्या मंगळवारी चिंधू पायरीवर आला आणि मान खाजवू लागला.

"नाई," हिरालाल म्हणाला.

पायरीवर बसलेल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. चिंधूने एकदा खिळ्यावरच्या किल्लीकडे बघितलं. "मायच्या डोळ्याचं..." तो म्हणाला.

"बसनं ने."

चिंधू गेला. थोड्या वेळाने म्हातारीचा हात धरून तो दुकानावरूनच बसस्टँडकडे गेला. म्हातारी एकेक पाऊल चाचपून टाकत होती. हिरालालने उगाच शेंगदाण्यांचं पोतं हलवल्यासारखं केलं. दुपारी त्याला भाकर गोड लागली नाही.

"पंधरा वर्षांत एकदा नाई म्हनलं," यशोदाबाई वाढता वाढता म्हणाली, "थेबी अर्ध्या आंधळ्या म्हातारीले."

"चोराले म्हनलं! म्हातारीले नाई."

"चालावं तं तिलेच लागलं नं पायी."

हिरालाल ताटावरून उठला. त्यात चिंधूच्या बंडीची चाकं पुन्हा करकरायला लागली होती. खताची खेप घेऊन बंडी दुकानावरून गेली की हिरालालला वाटायचं, ही आपल्यालाच बोलून राहिली आहे.

चोर पकडला तर गाडी सुधारायला हवी होती. ती आणखी बिघडली. आता बुधवार-गुरुवारचीही सवलत राहिली नाही. आणि त्यापुढच्या मंगळवारी, पिपरी मेघेला भाचीच्या घरी बारशाला जाताना, यशोदाबाई नवं लुगडं नेसून मागे बसलेली असताना, गाडीने पुलावर एक उचकी दिली, गाव झाकेल एवढा धूर सोडला आणि ती बसली. तेवढ्यात वर्ध्याची बस शेजारून गेली. खिडकीत चिंधू आणि त्याची माय होती. चिंधूने बघितलं, पण तो हसला नाही. हसला असता तर हिरालालला बरं वाटलं असतं.

"ढकला आता," यशोदाबाई म्हणाली. तिच्या लुगड्याच्या काठाचा रंग तेव्हा ओळखू येत नव्हता.

फाट्यावर निंबाखाली पुनाजीचं गॅरेज आहे. पुनाजी दिवसातून मोजून वीस वाक्यं बोलतो आणि त्यातली दहा पान्ह्याशी. हिरालालने बोअरपासून चोरापर्यंत सगळी कथा सांगितली. पुनाजीने ती ऐकली की नाही कळलं नाही. तो तारेच्या वेढ्यांकडे बघत होता.

"हे कोनं बांधलं?"

"म्या. तेल चोरी जात होतं."

पुनाजीने तार तोडली आणि बूच ओढलं. काळं तेल भसकन खाली आलं. डबा सरकवेपर्यंत त्याचा पाय माखला. मग त्याने सीटखालचा फिल्टरचा डबा उघडला. आतला स्पंज पाकातल्या गुलाबजामासारखा टम्म फुगला होता. मग इंजिनखालचा बोल्ट सोडला. एक लिटर तेल लागणाऱ्या इंजिनातून पावणेदोन लिटर निघालं, आणि तरी थेंब थेंब येतच होतं.

"शेट," पुनाजी म्हणाला, "इंजिनले तेल जास्त झालं का ते वाफेसंग या डब्यात येते. गाडी श्वास घेते तो याच डब्यातून. आलेलं तेल काढाले खाली हे नळी देली हाय. तुमी नाकात तेल ओतलं आन वरून नाक बांधलं. इंजिनले काई झालं नाई."

"पन काडी तं कोरडी दिसे!"

"कोनत्या स्टँडवर पाहे?"

"साइड. डबल स्टँडवर घेतो म्हनलं का कमरेत चमक भरते."

पुनाजीने हिरालालच्या हातातला चहाचा ग्लास धरून तिरपा केला. चहा एका अंगाला गेला. "या अंगाले बोट बुडवा," तो म्हणाला. हिरालालने बुडवलं. बोट कोरडं निघालं. यशोदाबाईला इतकं हसू आलं की तिला निंबाला धरावं लागलं.

"पन एवढं म्या नाई टाकलं," हिरालाल म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला शोभाबाईच्या दोन बाटल्या आठवल्या. मग रूपरावांची. मग एकेक करून त्याच्या दुकानातल्या सगळ्या बाटल्या डोळ्यांपुढून जाऊ लागल्या. गाव त्याच्याच दुकानातून तेल घेऊन त्याचीच गाडी बुडवत होतं, आणि हा वाण्याचा मुलगा गल्ल्यावर बसून खपावर खूश होता.

"एक सांगतो," पुनाजीचं विसावं वाक्य उरलं होतं. "हे बूच कोनी तरी दर आठ दिवसांनी खोले. नाईतं हे गाडी दिवाळीतच बसली असती. तो कोन हाय त्याले नारळ द्या."

"नारळ!" यशोदाबाईने डोळे पुसले. "यायनं त्याले चोट्टा म्हनलं."

हिरालाल पायाने खाली सांडलेलं तेल मातीत कालवू लागला. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

संध्याकाळी त्याने पायरीवर सगळ्यांना विचारलं, तेव्हा जो तो अभिमानाने पुढे झाला. मास्तरांनी सहा बाटल्या सांगितल्या. शोभाबाई म्हणाली, पोराले नोकरी लागली तवा तिसरीबी टाकली. "अन चिंधू?" हिरालालने विचारलं. सगळे हसले. "तो? थेंब नाई!"

स्पंज धुऊन वाळला, इंजिनात मोजून तेल पडलं, आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. मंगळवारी सकाळी हिरालाल ती घेऊन चिंधूच्या दारात गेला. मागे पत्र्याच्या एका डबकीत पुनाजीकडून आणलेलं सगळं काळं तेल होतं. माफी कशी मागायची हे त्याने वाटेभर घोकलं होतं. पण चिंधू गोठ्यात होता, आणि ओसरीवर म्हातारी एकटी बसली होती.

"कोन हाय?" तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"मी, हिरालाल."

"गाडीवाला हिरालाल?" म्हातारीचा चेहरा खुलला. "ये बापा. बरी झाली काय तुही गाडी? चिंधू सांगे, गाडी बिमार हाय म्हून बसनं जा लागते. म्या म्हनलं, तरीच. नाईतं हिरालाल काई नाई म्हनत नाई कोनाले."

घोकलेलं सगळं हिरालाल विसरला. आयुष्यात कोणाला छदामही न दिलेल्या चिंधूने त्याची अब्रू सांभाळून ठेवली होती.

चिंधू गोठ्यातून आला. त्याने गाडीकडे बघितलं, हिरालालकडे बघितलं.

"चुकलं माह्यं, चिंधू," हिरालाल म्हणाला. "हे तेल तुह्यं. बंडीले लाव. आन गाडी ने, कवाबी ने. फक्त हात जोडून सांगतो, येताना तिच्यात काई टाकजो नोको."

"मी कवा टाकलं?" चिंधू म्हणाला. त्याने डबकीचं झाकण उघडून आत बघितलं. "एवढंच हाय?"

"एवढंच."

"बरं." त्याने डबकी ओसरीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि मायला हाताने धरून गाडीपाशी आणलं. मग टाकीला कान लावून गाडी जराशी हलवली. "पेट्रोल हाय काय?"

"जाऊन येन्यापुरतं हाय."

संध्याकाळी गाडी परत आली. चिंधूने किल्ली ठेवली आणि पायरीवरच्या कोणाची तरी विडी मागून घेतली. टाकी बरोबर रिझर्ववर होती. हिरालालने कंबर सावरत गाडी डबल स्टँडवर चढवली, काडी काढून पुसली, बुडवली आणि दिव्याखाली धरून बघितली. तेल सकाळी होतं तिथेच होतं.