मापात बसलेलं काडतूस

काकांनी खिडकीशी दोन पोलादी साचे मांडले होते. भातात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी ते बंदुकीची काडतुसं घरीच भरतात. एकदा उडालेल्या काडतुसाचं पितळी कवच फुगतं, ते साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं. मला दोन्ही साचे सारखेच दिसत होते. काकांनी मात्र प्रत्येकातून एकेक कवच दाबून काढलं, उजेडात फिरवलं, नखाने चाचपलं आणि डावीकडचा साचा निवडला.

"हा बरा. आता नेम तसूभर हलायचा नाही," ते समाधानाने म्हणाले.

मला वाटलं, हलणारा नेम निदान चुकतो तरी. इतक्या निगुतीने भरलेली गोळी जिथे धाडली तिथेच जाणार. पण झुडपामागे कोण हललं, हे तिला कोण सांगणार?

काका रोज तिन्हीसांजेला बंदूक घेऊन शेताच्या राखणीला बसतात, आणि त्याच वेळी काकू शेतातून परतताना मोठमोठ्याने एकटीच बोलत येते. आज दुपारी मी तिला विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही रे. यांना ऐकू जायला हवं ना, माणूस आहे म्हणून."

संध्याकाळी मी शेताच्या वाटेने विहिरीकडे निघालो आणि घसा साफ असूनही खाकरत राहिलो.