शिवदासची सुरंगी

शिवदास सुरंगीच्या झाडावर चढला की खाली कोणी बोलायचं नाही, असा त्याचा नियम होता. बोललं की वरच्याचा हात चुकतो. बेचाळीस वर्षं तो चढला. सुरंगीच्या कळ्या फांदीला चिकटून येतात. त्या ऊन यायच्या आत काढाव्या लागतात. ऊन लागलं की उमलतात आणि उमललेलं फूल ओवता येत नाही. पोटाला पिशवी बांधून तो काळोखात चढायचा, सातपर्यंत खाली. मग त्याची बायको सुमंगला वळेसर, म्हणजे गजरे, करायला बसायची.

मी खाणीवर एकतीस वर्षं ड्रिलिंगला होतो. काम करणारा कोण आणि नुसता घाम पुसणारा कोण, हे मला लांबून कळतं. शिवदास पहिल्यातला.

आठ वर्षांपूर्वी फांदी मोडून तो पडला. मांडीत सळी बसली, चढणं संपलं. लाटंबार्शातल्या आमच्या वाड्यामागच्या डोंगरावर तीन सुरंगी होत्या. एक वठली, एक विकलेल्या जमिनीबरोबर गेली. एक राहिली. तिच्यावर चढणारं आता कोणी नाही. फागणात तो काठी टेकत जायचा आणि खाली बसून वास घ्यायचा.

मग डिचोलीची गौरवीबाई येऊ लागली. शाळेत शिक्षिका. रविवारी दहा-पंधरा माणसं घेऊन रानातली फुलं दाखवायला यायची. तिने शिवदासला पुढे चालायला सांगितलं. सळीचा पाय घेऊन तो पुढे, बूटवाले मागे धापा टाकत. अंजनीचा निळा बहर, धायटी, कुडा, काटेसावर. मोबाईल नाव शोधेपर्यंत तो पुढच्या झाडाशी पोचलेला असायचा.

झाड दाखवताना तो बोट वाकडं करायचा. एका मुलीने हसून विचारलं, "काका, बोट दुखतं का?"

"कळयेक सरळ बोट दाखवल्यार ती झडता, बाय."

सगळे हसले. त्यांनी वाकड्या बोटाचे फोटो काढले.

यंदा डोंगरावरून विजेची नवी लाइन येणार असं कळलं. मोजणी झाली होती. सुरंगी लाइनीच्या कडेला होती. मध्ये नव्हती, पण जवळ. गौरवीबाई म्हणाली, "मी सोमवारी अर्ज देते. तोवर राखायच्या झाडांना खूण करून ठेवा, म्हणजे साहेब आले तर दिसतील."

शिवदासने सुमंगलाच्या जुन्या लुगड्याची चिंधी काढली.

मी म्हटलं, "चिंधी वाऱ्याने जाईल. चुना मार. खाणीवर चुन्याची रेघ म्हणजे हद्द. तिच्यापुढे मशीनसुद्धा जात नसे."

"तुका म्हायत. तू सांगतंस तसा."

शनिवारी सकाळी चुना कालवून आम्ही पाच झाडांना पट्टे मारले. सुरंगीचा मी मारला. दोन हात. पहिला हात पातळ बसला होता, म्हणून.

दुपारी करवतीचा आवाज आला. शिवदास काठी विसरून चढणीला लागला. आम्ही पोचलो तेव्हा सुरंगी आडवी होती, फांद्या कळ्यांनी भरलेल्या. लाइनीच्या कंत्राटदाराची माणसं परमुलखातली. त्यांचा मुकादम आमच्या पाचांतल्या चौथ्या झाडाशी उभा होता.

मी ओरडलो, "हे का पाडलं? चुना दिसला नाही?"

"दिसला म्हणूनच पाडलं. चुन्याचं तेवढं पाडायचं, असा हुकूम आहे. डोंगराच्या पलीकडून आमच्याच माणसाने पट्टे मारत आणलेत."

पलीकडे आम्ही गेलोच नव्हतो. शिवदासचा पाय तेवढा चालत नाही, आणि मी एकटा जाऊन बघून यायला पाहिजे होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. मी ते केलं नाही.

शिवदास आडव्या खोडावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिला. "सरळ बोट दाखवलंव रे आपण," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्याने माझं दार वाजवलं. हातात दोन पिशव्या. आम्ही बॅटरी घेऊन वर गेलो. ज्या शेंड्याकडे तो आठ वर्षं मान वर करून बघत होता, तो त्याच्या गुडघ्याशी होता. तो जमिनीवर बसला, सळीचा पाय सरळ पसरला, आणि कळ्या काढू लागला. मीही बसलो. माझ्या बोटांना पहारीची सवय.

"मोडतंस. देठाक धर."

मी देठाला धरलं. पूर्वेला फटफटलं. ऊन यायला तासभर होता आणि अजून अर्धं झाड बाकी होतं. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"काम करताना उलय नको," तो म्हणाला.