हौसाने लपवलेली खांड

हौसाला भांडणात हरवलेलं मी तरी कुणाला पाहिलं नाही. पेणच्या खाडीकाठी आमचं गाव. इथल्या बाया पाण्यावरून भांडतात, पोरांवरून भांडतात. हौसाचं भांडण एकाच गोष्टीवरून. तिची समीक्षा जन्मापासून बहिरी. लोक पोरीसमोर उभं राहून तिच्याविषयी वाटेल ते बोलायचे, वर दात काढायचे, "तिला काय ऐकू जातंय?" हौसा पदर खोचून त्या माणसाची खरडपट्टी काढायची आणि तो जे बोलला ते पोरीला हातांनी जसंच्या तसं सांगायची. शिवीसुद्धा. "माज्या पोरीपासून कायच लपवायचं नाय," म्हणायची. मला ते अति वाटायचं. पण नवरा, जनू, गेल्यावर घरात दोघीच उरल्या, आणि दोघींमध्ये आडपडदा नव्हता एवढं खरं.

समीक्षा रोह्याच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत, वसतिगृहात राहून शिकते. यंदा त्या शाळेतल्या काही मुलांची पुण्यातल्या अंतराळ शिबिरासाठी निवड झाली. आठवडाभर राहायचं, रॉकेट बनवायचं, दुर्बिणीतून चंद्र बघायचा. समीक्षाने चंद्र आणि खाडीच्या उधाणाचं चित्र काढलं होतं, त्यावर तिचा नंबर लागला. ती यंदा दहावीला, आणि दहावीच्या पुढे या शिबिराला घेत नाहीत, म्हणजे पोरीला ही एकच संधी. हौसाने अख्ख्या गावाला सांगून वात आणला. "माजी पोर रॉकेट उडवनार हाय." रेशनच्या रांगेत तेच, दळणाला गेली तरी तेच.

पोरगी सुट्टीसाठी घरी आली होती. जायच्या दिवशी रोह्याहून निघालेली शाळेची गाडी तिला रामवाडीला हायवेवर घेणार होती. आणि नेमकी त्याच पहाटे, पुनवेच्या उधाणात, खाडी अडवणाऱ्या खारबांधाला खांड गेली, मोठं भगदाडच पडलं. बांध फुटला की खाडीचं पाणी शेतात घुसतं आणि जमीन पुढची दोन-तीन वर्षं भात देत नाही. म्हणून आमच्याकडे थाळी वाजली की घरटी एक माणूस बांधावर जातो. ओहोटी आहे तोवर चिखलाच्या ढेपा हातोहात पुढे देत खांड बुजवायची. जनू गेल्यापासून त्या घरून समीक्षा उभी राहायची, कारण हौसाचे गुडघे कामातून गेलेत. पोरगी बाप्यांच्या बरोबरीने ढेप झेलायची, आणि त्या रांगेत तिला कुणी बहिरी म्हणत नसे.

थाळी वाजली तेव्हा समीक्षा आरशासमोर वेणी घालत होती. बांधाचं काम बघणारे दिनानाथ दारात आले.

"हौसाबाय, पोरीला धाड. खांड मोठी हाय."

हौसा दारात आडवी झाली. "पोर नाय यायची. मी येते."

"त्या गुडघ्यांनी चिखलात उतरशील व्हय गो?"

"उतरीन नायतर मरीन. पन तिला खूण करू नका. तिला कळलं तर ती गाडीत बसायची नाय."

दिनानाथ आल्या पावली वळले. समीक्षाने आरशातूनच विचारलं, काका काय म्हणतात? हौसाने हात हलवले: सुखरूप जा म्हणतात. लोकांनी पोरीच्या बहिरेपणाचा फायदा घेतला म्हणून जन्मभर भांडलेली ही बाई, त्या सकाळी तिने स्वतःच तो घेतला. मला तिचा राग येतो आणि दुसऱ्याच क्षणी माझाच राग येतो. कारण तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

बांध दिसू नये म्हणून तिने रिक्षा देवळामागच्या वाटेने काढायला लावली. रामवाडीला पोरीला शाळेच्या नम्रता बाईंच्या हवाली केलं, गाडी दिसेनाशी झाली आणि त्याच रिक्षाने ही थेट बांधावर आली. कासोटा घट्ट केला आणि रांगेत पोरीच्या जागी उभी राहिली. थोड्या वेळात मांडीपर्यंत रुतली. तिला ओढून काढायला दोघांना रांग सोडावी लागली, ढेपा अडल्या, आणि भरती आली. खांड त्या दिवशी बुजली नाही. तिच्यामुळे नाही बुजली असं कुणी म्हणू नये, खांडच मोठी होती. पण चारचौघांत तसं म्हटलं गेलंच. आणि सगळ्यात आधी खारं पाणी चढलं ते तिच्याच शेतात.

दोन दिवस हौसा फोनवर पोरीला हसून दाखवत राहिली. समीक्षा तिकडून रॉकेटचे व्हिडिओ पाठवायची. ते उडताना जमीन तळपायाला कशी थरथरते, ते हातांनी सांगायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पिंकीने स्टेटस टाकलं. बांध, पाणी, आणि चिखलातून ओढून काढलेली हौसा. पिंकीला काय ठाऊक?

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी हौसाकडेच होतो. समीक्षाच्या मागे मुलं कागदी हेल्मेट घालून नाचत होती. तिने दोन मुठी एकमेकींना चिकटवल्या आणि झटक्यात फाकवल्या. खांड. मग आईकडे बोट. तुला माहीत होतं?

हौसाने मान डोलावली. मग तिचे हात सुटले: तुझ्यासाठी, शिबिरासाठी, तू गेली नसतीस. हात इतक्या घाईने चालत होते की मला त्यातलं निम्मं कळलं नाही.

समीक्षाने सगळं पाहून घेतलं. मग सावकाश विचारलं: सगळ्या गावाला ठाऊक होतं? काका दारात, माझ्यासमोरच, हे बोलत होते?

हौसाला हो म्हणावं लागलं.

पोरीने डोळे मिटून घेतले. रडत नव्हती, फोनही बंद केला नाही. नुसते डोळे घट्ट मिटून बसली. बहिऱ्या पोरीने डोळे मिटले की तिच्यापर्यंत काही पोचत नाही. हौसाचे हात थोडा वेळ हवेत हलत राहिले, आणि मग ती, जिला हे सगळ्या जगापेक्षा जास्त कळत होतं, फोन तोंडाशी धरून जिवाच्या आकांताने ओरडायला लागली, "समीक्षा! बघ गो माज्याकडं! समीक्षा!"